धुक्याची फेरी

गुरुवारी दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये स्पृहा पोहे संपवत होती, तेव्हा तिच्या मोबाइलवर एक रील आलं. पाठवणाऱ्याने सोबत एवढंच लिहिलं होतं : "ताई, बघा तुमचा गेम कुठं पोचला."

रीलमध्ये आधी काहीच दिसेना. सगळा पडदा पांढरा. निरखून पाहिल्यावर मोटारसायकलचं हँडल दिसलं, हातमोज्यातली बोटं दिसली आणि चाकापुढचा हातभर डांबरी रस्ता. बाकी नुसतं धुकं. इंजिनाचा एकसुरी आवाज होता आणि त्यावर एक बारीक टिक, टिक, टिक. चालवणारा मोठ्याने मोजत होता, "एक, दोन, तीन, डावं." हँडल डावीकडे झुकलं. धुक्यातून एक मैलाचा दगड पुढे आला आणि मागे गेला. "एक, दोन, तीन, चार, पाच, उजवं."

ती टिक स्पृहानेच लिहिलेली होती. तिने प्लेट बाजूला सारली.

स्पृहा आगाशे खराडीतल्या एका कंपनीत वॉशिंग मशीनच्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहायची. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त काम बसवणं हा तिचा पेशा, आणि तोच तिचा छंदही. तिच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घरोघरी आला होता. कॅसेट फुंकायची, खाचेत दाबायची आणि चित्र येईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. त्या जुन्या यंत्रासाठी आजही जगात काही वेडे लोक नवे गेम लिहितात. स्पृहा त्यातली एक. दोन वर्षं शनिवार-रविवार खपून तिने 'तरंग २१९०' लिहिला. त्या सालात चाकं इतिहासजमा झालेली आहेत. यानं जमिनीपासून वीतभर वर तरंगतात आणि माणसं त्यांच्या शर्यती लावतात.

शर्यतीत फेऱ्या तीन. तिसऱ्या फेरीपर्यंत येता येता कॅसेटमधली जागा संपली. डोंगर, झाडं, आकाश काढायला काही उरलं नाही. तेव्हा स्पृहाने शक्कल लढवली. तिसऱ्या फेरीत धुकं पडतं. पडदा पांढरा होतो, दिसतं फक्त आपलं यान, आणि ऐकू येते एक टिक. टिक मोजायच्या आणि पाठ केलेली वळणं घ्यायची. लोकांना ही धुक्याची फेरीच सगळ्यात आवडली. जुनं यंत्र नसलेले लोक मोबाइलवर गेम उतरवून तेवढीच खेळत बसायचे.

वळणं मनाने रचली की खोटी वाटतात, म्हणून तिने ती खऱ्या रस्त्यावरून उचलली होती. खडकवासल्याचं धरण ओलांडून, पाणी उजव्या हाताला ठेवत पानशेतकडे जाणारा रस्ता. स्कूटरला मोबाइल बांधून ती एकाच वेगाने तिथून गेली आणि जसा रस्ता वळला तसा गेम वळवला. हे तिने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.

फक्त शेवटचं एक वळण बसलं नव्हतं. खानापूरच्या बरंच पुढे रस्ता उताराने पाण्याकडे येतो आणि काठावर एकदम डावीकडे मुरडतो. तेवढ्यासाठी कॅसेटमध्ये जागा नव्हती. तिने ते काढून टाकलं. यानाला रस्ता कशाला हवा? तिथून ते सरळ पाण्यावर जाऊ दे, पूर्ण जोरात, शर्यत तिथेच संपू दे. खेळायला तेच जास्त छान वाटलं.

खऱ्या रस्त्यावर त्या जागी गुडघाभर उंचीचा दगडी कठडा आहे आणि कठड्यापलीकडे धरणाचं पाणी.

रील पाठवणारा शंभू धाराशिवकडचा. वाघोलीत खोली घेऊन राहायचा, सणसवाडीच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा. स्पृहाने हौसेने काही खऱ्या कॅसेट बनवल्या होत्या, त्यातली एक त्याने भांडून नेली होती आणि महिन्याभरात तिच्यापेक्षा कमी वेळात शर्यत संपवून दाखवली होती. तिने त्याला लगेच फोन लावला.

"शंभू, हा कुठला रस्ता आहे?"

"तुम्हीच विचारताव व्हय ताई? पानशेतचा. उत्तरेश्वरसंगं फिरायला गेलतो. दुसऱ्या वळणाला हात आपोआपच वळले. म्हणलं, आयला, हे तर आपलंच ट्रॅक हाय! गाडी साठावर धरली की टिक बरोबर बसतीय."

"शेवटी काय आहे ठाऊक आहे का तुला? गेममध्ये तिथे..."

"वळण न्हाय. माहिताय की. खाल्लंय ते तुम्ही." तो हसला. "मी सातव्या टिकला डावं घेतो. येडा हाय का मी?"

"बरं. आता ते रील काढून टाक."

"आता काय काढायचं? दोन लाख लोकांनी बघितलंय. रविवारी फुल फेरी हाय, धुकं असतंय आता रोज. लई पोरं येणारेत."

"कुठली पोरं?"

"मी काय ओळखतोय सगळ्यांना? खाली गेमची लिंक टाकलीय. उतरवून घेत्यात, घरी बसून प्रॅक्टिस करत्यात. फेमस झालाव तुम्ही ताई!"

फोन ठेवून स्पृहाने गेमचं पान उघडलं. वर्षभरात शे-सव्वाशे लोकांनी उतरवून घेतलेला गेम एका आठवड्यात हजारोंनी उतरवला होता. त्या हजारोंपैकी कुणालाही शंभूचं सातव्या टिकचं गणित माहीत नव्हतं.

संध्याकाळी नारायण पेठेतल्या घरी वडिलांनी, दिगंबररावांनी, तिच्याकडे एकदाच पाहिलं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पण कुणाचं काहीतरी चुकलंय हे ओळखण्याची सवय गेली नव्हती.

"काय गं, तुझ्या मशीनने कुणाचे कपडे फाडले का?"

तिने सगळं सांगितलं. त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली.

"म्हणजे सरकारी रस्त्यावरचं वळण तू काढून टाकलंस. बांधकाम खात्यालाही इतक्या वर्षांत जमलं नव्हतं."

"बाबा, चेष्टा नकोय आत्ता."

"मी कुठे चेष्टा करतोय? काढलंस ना, मग परत लाव."

तिने लावलं. जागा करण्यासाठी विजेत्याचं संगीत उडवलं, आकाशातला एक चंद्र उडवला. शुक्रवारी सकाळी जुना गेम पानावरून काढला, नवा चढवला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं : जुन्या गेममध्ये शेवटचं वळण नाही. खऱ्या रस्त्यावर ते आहे, तिथे कठडा आणि पाणी आहे. कृपा करून कुणीही त्या रस्त्यावर हा खेळ खेळू नये.

दुपारपर्यंत खाली उत्तरं आली.

"नवीन व्हर्जन स्लो आहे. लास्ट स्ट्रेट काढलाय."

"सगळे रेकॉर्ड जुन्यावरचे आहेत. ओरिजिनलच खेळा. माझ्याकडे फाइल आहे, कमेंट करा, पाठवतो."

"मॅडम, चांगल्या गेमची वाट लावलीत."

"कठडा? मग तर मजाच."

स्पृहा वाचत राहिली. तिला राग येईना, कारण तिला हे कळत होतं. शर्यतीचे गेम मनापासून खेळणाऱ्यांमध्ये ज्यात वेळ सगळ्यात कमी लागतो तोच गेम खरा. दुरुस्तीने दोन सेकंद वाढत असतील तर ती दुरुस्ती नव्हे, बिघाड. तीही कॉलेजात असताना एक सदोष कॅसेट जपून वापरायची, कारण तिच्यात एका भिंतीतून आरपार जाता यायचं. सगळेच तसं करायचे. ही मुलंही तेच करत होती. तिने लिहिलेला इशारा त्यांना जुन्या गेमची जाहिरात वाटला होता.

शनिवारी तिने पोलिसांना फोन केला. पलीकडच्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. गेमचं नाव दोनदा विचारलं. "धरणाच्या चौपाटीवर माणूस उभा करतो, मॅडम," ते म्हणाले. त्यांनी खरंच केला.

रविवारी उजाडायच्या सुमारास ती स्कूटर काढत असताना दिगंबरराव माकडटोपी घालून दारात आले. जाऊ नको म्हणाले नाहीत. "दिवे लावून जा," एवढंच म्हणाले.

धरणाजवळ पोचेपर्यंत आकाश पांढुरकं झालं होतं, पण खाली काही उजळलं नव्हतं. पाण्यावरून धुकं उठून रस्त्यावर सांडत होतं. चौपाटीवरच्या कणसांच्या गाड्या झाकलेल्या होत्या आणि त्यांच्या आडोशाला मोटारसायकली उभ्या होत्या. किती ते समजेना. जवळ जावं तशा आणखी दिसत. पोलीस लायसन्स बघत होता. सगळ्यांकडे लायसन्स होतं, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. पानशेतला फिरायला जाणाऱ्यांना तो कशासाठी अडवणार?

स्पृहा एकेका हेल्मेटपाशी गेली. "शेवटी वळण आहे. जुना गेम चुकीचा आहे. ऐकताय ना?" हेल्मेटं डोलत होती. पुष्कळांच्या कानात आधीच टिक चालू होती. एकाने काच वर केली.

"मॅडम, तुम्हीच का त्या तरंगवाल्या? एक सेल्फी घेऊ?"

"अरे, तिथे पाणी आहे!"

"हो हो," तो म्हणाला, आणि हात लांब करून त्याने फोटो काढला.

इथे बोलून काही होणार नव्हतं. ती स्कूटर घेऊन पुढे निघाली आणि डोळे ताणत, पांढऱ्या पट्टीच्या आधाराने त्या वळणावर येऊन थांबली. कठडा हाताला गार लागला. पाणी दिसत नव्हतं, नुसतं कठड्याखाली चुबुकचुबुक वाजत होतं.

थोड्या वेळाने वर चढावर इंजिन ऐकू आलं. एका लयीत, ना कमी ना जास्त. धुक्यात एक पिवळा डाग उमटला, मोठा झाला, आणि ऐन कठड्यासमोर डावीकडे झुकून पन्नास पावलांवर थांबला. शंभू हेल्मेट काढत पळत आला.

"बघितलंव ताई? म्हणलं होतं ना मी?"

"मागे कोण आहे?"

"उत्तरेश्वर. मग बाकीचे. दोन-दोन मिनिटांनी एकेक सोडायचं ठरलंय."

उत्तरेश्वर म्हणजे त्याचा खोलीतला जोडीदार. गेममध्ये कायम शंभूच्या मागे, कायम दोन-चार सेकंदांनी.

"तो कुठल्या गेमवर शिकलाय?"

"जुन्याच की. नवं मी पण उघडलं न्हाय. स्लो हाय ना ते."

"पण वळणाचं सांगितलंस ना त्याला?"

शंभूच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात जीव उरला नाही. "फिरायला आलतो तवा त्यानं बघितलंय की, ताई. दिसतंयच की ते."

बोलता बोलता त्याने मागे वळून पाहिलं. रस्ता नव्हता, कठडा नव्हता, त्याची स्वतःची गाडीही दिसत नव्हती.

वर दुसरं इंजिन ऐकू आलं.

दोघांनी स्कूटर ओढून रस्त्यात आडवी केली. स्पृहाने सगळे दिवे चालू केले. शंभू "उत्तऱ्या! उत्तऱ्या, थांब!" ओरडत चढाकडे धावला. इंजिन एका लयीत येत होतं, आणि मग त्याचा सूर चढला. उतार संपला, की सरळ रस्ता, की पूर्ण जोर. हे स्पृहाने ठरवलं होतं. तिने हे हजारो लोकांच्या अंगठ्यांना शिकवलं होतं.

शंभू बाजूला उडी मारून वाचला. ब्रेक किंचाळला, पण फार उशिरा. मोटारसायकल स्कूटरवर आदळली आणि दोन्ही गाड्या खरवडत कठड्याला जाऊन भिडल्या. एक दगड सुटून पाण्यात पडला. दिवे विझले. उत्तरेश्वर कठड्याच्या अलीकडे रस्त्यावर पडला होता. त्याचा एक पाय जिथे वळू नये तिथे वळला होता.

शंभूने त्याचं हेल्मेट सोडवलं. आतला चेहरा पांढराफटक होता, डोळे उघडे होते.

"टाइम..." तो म्हणाला. "टाइम किती झाला?"

"गप पड, उत्तऱ्या. गप पड." शंभू रडायला लागला होता.

"तुझ्यापेक्षा कमी झाला ना?"

"अँब्युलन्सला फोन लाव," स्पृहा म्हणाली. "आणि त्याला आधी रस्त्यातून बाजूला घे. पाय धरू नकोस, काखेतून ओढ."

"तुम्ही कुठं चाललाव?"

रस्त्यात आडवं घालायला आता काही उरलं नव्हतं. तिने मोबाइलचा दिवा लावला आणि तो डोक्यावर धरून, पांढऱ्या पट्टीवर पाऊल ठेवत, ती चढाने निघाली. वळणापाशी उभं राहून उपयोग नव्हता, हे तिने आत्ताच पाहिलं होतं. जोर द्यायच्या आधी, पोरगं अजून मोजत असेल तिथवर, तिला पोचायला हवं होतं. तिथे तो कदाचित डोळे वापरेल.

मागून उत्तरेश्वरचं कण्हणं येत होतं, मग तेही धुक्यात बुडालं. पुढून तिसरं इंजिन ऐकू आलं. ती पळू लागली. पळता पळता तिच्या लक्षात आलं की ती मोजते आहे.

आवाज एका लयीत जवळ येत होता. सूर अजून चढला नव्हता.