ओट्याच्या खणातली सहाबारी

मित्रांनो, मी एक जुनी सहाबारी आहे. सहा गोळ्यांचं, एका हातात मावणारं पिस्तूल. कुणी मला रिव्हॉल्व्हर म्हणतं. माझा निळसर काळा रंग कडांवरून उडाला आहे आणि मुठीचं अक्रोडाचं लाकूड घामानं काळवंडलं आहे. दिसण्यात मी डावीच. पण माझा चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, असं आजवर एकदाही झालेलं नाही. याचा मला फार गर्व होता.

माझा जन्म अमेरिकेत, उत्तरेकडच्या एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. तिथे एका बाईनं माझी चक्री बसवली, कानाजवळ धरून फिरवली आणि समाधानानं मान हलवली. तो आवाज तिला आवडला असावा. मग मला तेल लावून, कागदात गुंडाळून ओहायो राज्यातल्या एका गावी पाठवलं. तिथल्या लेस्टर नावाच्या पोलीस शिपायाच्या कमरेला मी कितीतरी वर्षं लटकले. लेस्टर माणूस शिस्तीचा. मला वापरलं नाही तरी घासूनपुसून ठेवायचा.

एकदाच त्यानं मला माणसावर रोखलं. खाटिकखान्याच्या मागे एक दारुडा मोठा सुरा घेऊन उभा होता आणि लेस्टरचा जोडीदार गळा धरून जमिनीवर तडफडत होता. लेस्टरनं तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही लागल्या. तो माणूस लगेच पडला नाही. दमलेला मजूर बसावा तसा भिंतीला टेकून खाली बसला, हातातला सुरा त्यानं हळूच बाजूला ठेवला आणि मान टाकली. जोडीदारही वाचला नाही. त्या दिवशी लेस्टर मला पुसायला बसला तेव्हा मुठीचा स्क्रू त्याच्या हातून दोनदा खाली घरंगळला. गावानं त्याला शाबासकी दिली.

पुढे पोलिसांना नवी, जास्त गोळ्यांची पिस्तुलं मिळाली. आम्हा जुन्यांना खोक्यात भरून घाऊक भावानं विकून टाकलं. फिरत फिरत मी केंटकीच्या डोंगरात बर्ल नावाच्या सावकाराच्या दुकानात येऊन पडले. कोळशाच्या खाणी बंद पडत होत्या. लोक गिटारी, करवती, लग्नातल्या अंगठ्यासुद्धा गहाण टाकून जात आणि सोडवायला परत येत नसत. त्या सगळ्या पसाऱ्यात काचेखाली मी धूळ खात पडले होते.

एके दिवशी डेल्फिया आली.

मित्रांनो, डेल्फिया शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. चाळिशी उलटलेली, हाडापेरानं मजबूत बाई. तिचे वडील अर्व्हिल यांनी उभा जन्म खाणीत काढला होता. कोळशाच्या धुळीनं त्यांची फुप्फुसं गेली होती, नाकाला प्राणवायूची नळी होती आणि हाडांच्या दुखण्यावर डॉक्टरांनी जालीम गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांची नशा लागलेली पोरं त्या दऱ्याखोऱ्यांत गल्लोगल्ली होती. आदल्या आठवड्यात दोघंजण घरात घुसले होते. त्यांनी म्हाताऱ्याला नळीला धरून खुर्चीवरून खाली ओढलं, गळ्याखालचं हाड मोडलं आणि गोळ्यांची बाटली घेऊन गेले. डेल्फिया तेव्हा कामावर होती. परत आली तेव्हा वडील जमिनीवर निळे पडले होते.

तिनं बर्लला सरळ सांगितलं, की हातात पैसे थोडे आहेत आणि वस्तू मात्र ऐनवेळी दगा देणारी नको. समोर एक नवंकोरं, चकचकीत पिस्तूल होतं, माझ्याहून स्वस्त. तिनं ते उचललं. बर्लनं ते तिच्या हातातून काढून परत काचेखाली ठेवलं.

"हे घेऊ नकोस," तो म्हणाला. "इतक्या पैशात नवं मिळतं म्हणजे कुणीतरी कुठेतरी हात आखडता घेतलाय. दोन गोळ्यांनंतर अडकतं. विकताना मलाच लाज वाटते."

"मग ठेवलंयस कशाला दुकानात?"

"लाजेनं पोट भरत नाही, बाई."

मग त्यानं एक अगदी छोटं, खिशात मावणारं दाखवलं. तेही चालणार नाही म्हणाला, कारण ते हाताला असा हिसका देतं की माणूस सराव करायचाच सोडतो. शेवटी त्यानं मला बाहेर काढलं, चक्री हलवून ती खिळखिळी नसल्याचं दाखवलं, नळीतून उजेड दाखवला. म्हणाला, रूप गेलंय, पण पोलिसाच्या कमरेला होती. मिरवली जास्त, झाडली कमी. जुनं आणि चांगलं हे नव्या आणि वाईटापेक्षा कधीही बरं. वर त्यानं हेही बजावलं, की सगळे पैसे बंदुकीत घालू नकोस; काडतुसांना ठेव, सरावाला ठेव आणि एका लोखंडी कुलपाच्या पेटीला ठेव. काडतुसं तिनं घेतली. पेटी पुढच्या पगाराला घेईन म्हणाली.

बंद पडलेल्या खाणीमागे, कोळशाच्या ढिगाऱ्यावर डबे मांडून तिनं सराव केला. हात पक्का होता तिचा. पहिल्याच दिवशी तिसरा डबा उडाला. घरी आल्यावर तिनं मला ओट्याच्या खणात, भांडी पुसायच्या फडक्यांखाली ठेवलं.

पानगळ लागायच्या सुमाराला, एका रविवारी, प्रार्थनेहून येऊन डेल्फिया बटाटे सोलत होती. मागचं दार लाथेनं उघडलं. तोंडाला रुमाल बांधलेले दोघं आत आले. एकानं सरळ अर्व्हिलना गाठलं, पिस्तुलाच्या दस्त्यानं त्यांच्या तोंडावर मारलं आणि गोळ्या कुठे आहेत म्हणून ओरडत छतात एक गोळी झाडली. चुन्याचे पोपडे म्हाताऱ्याच्या पांढऱ्या केसांवर पडले. त्यांच्या तोंडातून रक्त आणि दात एकदमच बाहेर आले.

खण उघडला. डेल्फियाचा हात माझ्या मुठीभोवती आवळला गेला.

"सोड त्यांना," ती म्हणाली.

तो वळला. त्याच्या हातात अगदी तसलंच चकचकीत पिस्तूल होतं, जे बर्लनं तिला घेऊ दिलं नव्हतं. त्यानं ते तिच्या छातीवर रोखलं आणि चाप ओढला. नुसता खट् असा आवाज झाला. पहिल्या गोळीचं रिकामं काडतूस आतच अडकलं होतं. त्यानं हिसडा दिला, पुन्हा चाप ओढला. तेवढ्या वेळात डेल्फियानं मला दोनदा झाडलं.

दोन्ही गोळ्या पोटात गेल्या. तो टेबलावर आदळला, टेबल घेऊन खाली पडला. सोललेले बटाटे त्याच्या रक्तात घरंगळत गेले. दुसरा चोर केव्हाच पळाला होता. खाली पडलेल्याचा रुमाल सुटला आणि डेल्फियानं तो चेहरा पाहिला. तो रँडल होता. सहा वर्षांचा असल्यापासून तिनं शाळेत त्याला जेवायला वाढलं होतं. मक्याच्या पावाचा जास्तीचा तुकडा मागणारा रँडल.

तिनं मला ओट्यावर टाकलं, खणातली सगळी फडकी ओढून काढली आणि त्याच्या पोटावर दाबून धरली. एकामागून एक फडकी लाल होत गेली. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"डेल्फीबाई," तो म्हणाला, "आईला सांगू नका."

दवाखान्याची गाडी यायच्या आत तो गेला.

मित्रांनो, त्यानंतर माझं किती कौतुक झालं! पोलिसांनी चौकशी केली, मला काही महिने चिठ्ठी बांधून कपाटात ठेवलं आणि डेल्फियाची चूक नाही म्हणून परत दिलं. शेजारचे पुरुष यायचे, मला हातात घेऊन तोलायचे. "जुन्या मालाची सर कशाला नाही," म्हणायचे. बर्ल येणाऱ्याजाणाऱ्याला माझी गोष्ट सांगायचा. मी फुशारून गेले होते. फक्त डेल्फिया माझ्याकडे बघायची नाही. खण उघडायची वेळ आली तर मान फिरवून फडकं ओढायची. रँडलच्या मातीच्या दिवशी तिनं मातीचं मोठं भांडं भरून घेवडा शिजवला आणि कुणी बघणार नाही असं त्याच्या आईच्या ओसरीवर ठेवून आली. तिकडे सुतक असलेल्या घरी चूल पेटवू देत नाहीत. गाव जेवण पोचवतं. पण मारणाऱ्या घरानं जेवण पाठवावं की नाही, याचा रिवाज तिला कुणी शिकवला नव्हता.

इकडे अर्व्हिलचं मन ठिकाणावर राहिलं नाही. दार वाजलं की ते खुर्चीचे हात घट्ट धरायचे आणि "आले, आले" म्हणायचे. कधी डेल्फियाला तिच्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारायचे. बर्लनं तिला पुन्हा टोकलं, की आता तरी मला कुलपात घाल. तिला पटत होतं. पण छत गळत होतं, थंडीसाठी घर तापवायला पैसा लागत होता, आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात दुसरीच भीती होती. कुलूप घातलं आणि ते परत आले, तर किल्ली सापडेपर्यंत आपण मरू, असं तिला वाटायचं. म्हणून मी खणातच राहिले, भरलेली.

पुढच्या पानगळीत, भर दुपारी, डेल्फिया घरामागे लाकडं फोडत होती. समोरच्या ओसरीवर पावलं वाजली. जाळीच्या दाराबाहेर कुणीतरी उभं होतं. डोक्यावर टोपी ओढलेलं शिकारीचं जाकीट. रँडल नेहमी घालायचा तसलं.

अर्व्हिल उठले. कधीपासून आधाराशिवाय न उठलेला तो माणूस नळी मागे फरपटत ओट्यापर्यंत चालत आला. फडक्यांखाली त्यांचा हात बरोबर गेला. मित्रांनो, मला तो हात अनोळखी होता आणि दुसऱ्याच कुठल्यातरी दिवसातून आलेला होता. पण चाप ओढला गेला. आणि मी कधी अडकत नाही.

पहिली गोळी जाळी फाडून बाहेर गेली. मातीचं भांडं फुटल्याचा आवाज आला आणि एक बाई किंचाळली. दुसरी चौकटीत घुसली. तिसरी सुटायच्या आत डेल्फिया धावत आली आणि तिनं माझी गरम नळी हातानं धरून मला हिसकावून घेतलं.

"रँडल परत आला होता, पोरी," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "मी मारला त्याला. आता भिऊ नकोस."

ओसरीवर रँडलची आई पडली होती. तिचं नाव नेवा. मुलाचं जाकीट तिच्या अंगावर होतं आणि डेल्फियाचं घेवड्याचं भांडं तुकडे होऊन तिच्याभोवती पसरलं होतं. ते कुणाचं आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. परत करायचं धाडस व्हायला तिला वर्ष लागलं होतं. गोळी खांद्याचं हाड फोडून मागे निघाली होती. हाडाच्या पांढऱ्या कपच्या जाकिटाच्या कापसात अडकल्या होत्या आणि लाकडी फळ्यांच्या फटींतून रक्त खाली गळत होतं. डेल्फियानं आपला सदरा काढून त्या भोकात कोंबला आणि गुडघ्यानं दाबून धरला.

नेवानं तिचं मनगट पकडलं.

"मी एकच विचारायला आले होते," ती म्हणाली. "तो शेवटी काही बोलला का?"

"आत्ता बोलू नकोस, नेवा. गाडी येतेय."

"मेले तर कुणाला विचारू? सांग."

डेल्फियानं गुडघा आणखी घट्ट दाबला. "म्हणाला, आईला सांगू नका."

नेवानं डोळे मिटले. मला वाटलं ती गेली. पण तिचा चेहरा हसू लागला होता, रडता रडता. "लहानपणी काच फोडली तरी हेच म्हणायचा," ती म्हणाली आणि डेल्फियाचं मनगट तिनं गाडी येईपर्यंत सोडलं नाही.

नेवा जगली. तिचा डावा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. म्हाताऱ्याविरुद्ध तिनं पोलिसांना एक शब्द सांगितला नाही. अर्व्हिलना वृद्धांच्या रुग्णालयात ठेवलं. तिथे ते रोज विचारायचे, चोर पुन्हा आला नाही ना. बर्फ वितळायच्या आत ते गेले. आपण कुणावर गोळी झाडली हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. डेल्फिया दर शनिवारी नेवाकडे जाते आणि तिचे केस धुऊन देते, कारण एका हातानं ते जमत नाही.

पोलिसांनी या वेळीही मला परत दिलं. बर्ल मला चांगल्या भावानं विकत घ्यायला तयार होता. डेल्फियानं नेवाला विचारलं. नेवा म्हणाली, "विकू नकोस. कुणीतरी अडलेली बाई लगेच घेऊन जाईल." तिचा भाऊ खाणीच्या यंत्रशाळेत लोखंड कापण्याचं काम करतो. बर्फ सरून डोंगरातला रस्ता मोकळा झाला की तो मला कापायला येणार आहे. तोवर मी एका लोखंडी पेटीत आहे आणि पेटीला कुलूप आहे.

मित्रांनो, कापलं जाण्याचं मला फारसं दुःख नाही. तुमच्यापर्यंत एवढंच पोचावं. आमच्यासारखी एखादी वस्तू कुठे खणात, उशीखाली, गाडीत दिसली, तर तिला हात लावू नका. मागे सरा आणि मोठ्यांना बोलवा. आणि मोठ्यांना सांगा, की स्वस्तात चांगली बंदूक मिळाली म्हणून आनंद मानण्याआधी ती कुणाकुणाच्या हाताला लागू शकते, याचा हिशेब करा. घाबरलेला हात, म्हातारा हात, पोराचा हात, आम्हाला सारखेच. आम्हाला डोळे नाहीत. दाराबाहेर चोर उभा आहे की भांडं परत करायला आलेली आई, ते तुम्हीच बघायचं असतं.