पाच ताटल्या

बडोद्याला आलेल्या पाहुण्याला म्युझियम दाखवल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हे लक्ष्मणरावांचं व्रतच होतं. आजोबा संस्थानच्या कचेरीत कारकून होते, तेवढ्या जोरावर नातू राजवाड्यातल्या चित्रांपासून देवमाशाच्या सांगाड्यापर्यंत सगळं घरचंच असल्यासारखं दाखवायचा. पुण्याचे, कोल्हापूरचे, साताऱ्याचे कितीतरी पाहुणे त्यांनी कमाटीबागेतून फिरवून आणले होते. ममीपाशी आले की त्यांचा आवाज हमखास खाली यायचा, आणि पाहुणेही मग कुजबुजत बोलायचे.

आणि त्यांची बायको, लीलाबाई, चाळीस वर्षांत एकदाही आत गेली नव्हती. तिला कुणी नको म्हटलं होतं असं नाही. पाहुणे हिंडून भुकेले परतणार, तर घरी स्वयंपाकाला कुणीतरी हवं, एवढंच. एकदा ती दारापर्यंत गेली होती, पण पिशव्या आत नेऊ देईनात, तेव्हा त्या राखत बाहेर बाकावर बसली. आतले सगळे दीड तासाने बाहेर आले ते देवमाशाबद्दलच बोलत.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत डॉक्टरांनी लक्ष्मणरावांना बाजूला घेऊन सांगितलं, की लीलाबाईच्या हृदयाची झडप पार निकामी झाली आहे, ऑपरेशन झेपायचं नाही. दगदग अजिबात नको. मांजलपूरला घरी परतताना रिक्षात लीलाबाई म्हणाली, "अहो, तो देवमासा एकदा बघायचा होता."

लक्ष्मणरावांना इतकी लाज वाटली की त्यांना तिच्याकडे बघवेना.

त्याच आठवड्यात सुनेचे, मोहनाचे, आईवडील दोन दिवसांसाठी साताऱ्याहून यायचे होते. लक्ष्मणरावांनी ठरवून टाकलं, की या वेळी लीला येणार म्हणजे येणार. मुलाने, शुभंकरने, नुकतीच व्हॅन घेतली होती. सहा माणसं आरामात बसली असती. लक्ष्मणराव स्कूटर काढून आधी एकटेच म्युझियमला जाऊन आले. पायऱ्या मोजल्या, कुठे टेकायला बाक आहे ते पाहिलं. पहारेकऱ्याला बायकोची तब्येत सांगितली, तर तो म्हणाला, "काका, खुरशी मळी जशे, चिंता ना करो." खुर्चीची सोय झाली. मग घरी येऊन त्यांनी फुलस्केपवर सगळा बेत लिहून काढला. रविवारी साडेदहाला देवमासा, तोही सगळ्यात आधी, लीला दमायच्या आत. मग अर्धा तास बाकावर. ममी. बागेत जेवण. दुपारी तिला झेपलं तर राजवाड्यातली चित्रं, नाहीतर सरळ घर.

लीलाबाईने तो कागद दोनदा वाचला. "माझ्यासाठी केवढा उपद्व्याप!" म्हणाली, आणि कपाटातून अंजिरी साडी काढून ठेवली. लक्ष्मणराव दिवसभर खुशीत होते.

शनिवारी व्याही आले. रात्री जेवणं झाल्यावर व्याही, म्हणजे रमाकांतराव, सहज म्हणाले, "उद्या बाहेरच कुठेतरी जेवू या. उगाच त्रास नको."

लक्ष्मणराव ताडकन म्हणाले, "छे! व्याह्यांना हॉटेलात जेवू घालायला आमच्या घराला काय झालंय? आमच्याकडच्या गुळाच्या पोळ्या खाऊन तर बघा!"

चाळीस वर्षं ते हे असंच म्हणत आले होते. तोंडातून निघून गेलं, आणि त्यांच्या लक्षातही आलं नाही. विहीणबाई हसल्या. मोहना म्हणाली, "आई, मी करीन हं सकाळी."

"तू झोप गं," लीलाबाई म्हणाली. "आईबाबा आलेत तुझे. मी बघते काय ते."

सकाळी लक्ष्मणरावांना जाग आली ती खमंग वासाने. त्यांना बरं वाटलं, आणि मग रात्रीचं आपलंच बोलणं आठवून ते धडपडत उठले. स्वयंपाकघरात डबा भरून, पिशवी बांधून तयार होती. लीलाबाई अंजिरी साडी नेसून खाली भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळसर पडले होते आणि बोलायला श्वास पुरत नव्हता.

गोळी दिली, डॉक्टर येऊन गेले. पडून राहा म्हणाले. लक्ष्मणरावांनी चपला काढल्या. "मी थांबतो. शुभंकर नेईल सगळ्यांना."

"त्याला काय माहितीय त्यातलं?" लीलाबाई म्हणाली. "व्याही काय म्हणतील? मोहना आहे माझ्याजवळ. तुम्ही जा."

आणि लक्ष्मणराव गेले. माणसाने जाऊ नये अशा वेळी, पण ते गेले. देवमाशापाशी उभं राहून त्यांनी व्याह्यांना सगळं सांगितलंही, नेहमीसारखंच, एक शब्द न गाळता.

दुपारी बागेत पिशवी सोडली. विहीणबाईंनी ताटल्या मांडल्या. चौघांच्या चार झाल्या आणि एक उरली.

"मोहनाची," शुभंकर म्हणाला.

लक्ष्मणरावांनी पिशवी पुन्हा चाचपून पाहिली. दोन उरायला हव्या होत्या. पोळ्या मोजल्या, त्याही पाच जणांच्याच.

संध्याकाळी ते तिच्या उशाशी बसले. तिचा चेहरा जरा बरा दिसत होता. "व्याह्यांना आवडल्या का पोळ्या?" तिने विचारलं.

"लीला, सहा जण जायचे होते ना गं? मग ताटल्या पाचच का घेतल्यास?"

लीलाबाई विचारात पडली. खरंच आठवून पाहू लागली. मग स्वतःच नवल वाटल्यासारखी म्हणाली, "अगबाई, हो की. माझ्या लक्षातच नाही आलं हो."

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. रागावली असती तर ते सुटले असते. त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "येत्या रविवारी तुला एकटीला नेतो. दुसरं कुणी नाही."

"या रविवारी कसं जमेल?" लीलाबाई म्हणाली. "शुभंकरच्या ऑफिसातली माणसं यायचीत ना जेवायला."

शुक्रवारी पहाटे ती झोपेतच गेली.