उशाजवळचा दिवा

कुलूपवाल्यांनी पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला, तशी आतल्या खोलीतून लेकीची हाक आली.

"बाबा, आईच्या उशाजवळचा दिवा बिघडलाय वाटतं. आपोआप लुकलुकतोय."

लेक हातातला फोन बघतच बाहेर आली. आई गेल्यावर तिचा फोन आता बंद करायचा होता, म्हणून घरातली सगळी यंत्रं ती आपल्या फोनला जोडून घेत होती. थोडा वेळ बोट फिरवल्यावर तिला हसू फुटलं. दिवा धडधाकट होता. दुपारी दार उघडलं की फ्रिज वायफायवरून दिव्याला कळवायचा, आणि दिवा दोनदा डोळे मिचकावायचा. आईनेच तसं लावून ठेवलं होतं.

कुलूपवाले खुर्चीत बसले. उभा जन्म त्यांनी लोकांची अडलेली कुलपं आवाज न करता उघडली होती. पण साखर वाढल्यापासून दुपारी आइस्क्रीमच्या डब्याला हात लावला, की आतून बायकोचा खोकला यायचाच. 'पाणी घेतोय गं,' म्हणत ते डबा परत ठेवायचे. हिचे कान मांजरीचे, असं ते सगळ्यांना सांगत आले होते.

"म्हणजे हा फ्रिज चहाड्या करत होता," ते म्हणाले.

"आणि तुम्ही आईच्या कानांना नावं ठेवत होता."

ते हसले. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि इतके, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग पुसतच राहिले.

लेकीने मघाशीच फ्रिजमध्ये डोकावून पाहिलं होतं. डबा तसाच होता, वर बर्फाचा थर धरलेला. आता चोरून खायचं कुणापासून, असं ते मागे तिला म्हणाले होते. जेवणही नावापुरतंच चाललं होतं.

"दिव्याचं हे काढून टाकू का?" तिने विचारलं.

सकाळपासून प्रवासात आहेस, जरा पड, एवढंच ते म्हणाले. ती आत जाऊन आईच्या जागी आडवी झाली.

घर निवांत झालं. कुलूपवाले चपला काढून उठले. फ्रिजचं दार त्यांनी असं अलगद उघडलं, की दाराच्या रबरालाही कळू नये. डबा काढला, बर्फ खरवडला, चमचा भरला आणि तोंडाशी धरून थांबले.

आतून खोकला आला.

त्यांनी घाईघाईने चमचा तोंडात टाकला.

"पाणी घेतोय गं," ते भरल्या तोंडाने म्हणाले.