तवांडानं स्वतःवर घेतलेला आळ

पश्चिम बाल्टिमोरच्या आमच्या गल्लीत मी आणि तवांडा एकमेकींच्या वेण्या घालत मोठ्या झालो. तेरा वर्षांच्या असताना एका शनिवारी आम्ही बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो आणि मी तिथली एक लिपस्टिक उचलली. आम्हा काळ्या पोरींच्या मागे तिथला गोरा रखवालदार दारापासूनच असायचा. तो जवळ येताना दिसला तशी मी घाबरून लिपस्टिक तवांडाच्या खिशात सरकवली.

"कुणी घेतली ही?" तिच्या खिशातून लिपस्टिक काढून त्यानं विचारलं.

तवांडानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली.

"मी घेतली," ती म्हणाली. "हिला काही माहीत नाही."

घरी हे कळल्यावर आई म्हणाली, "सांगत होते ना, त्या बिनआईच्या पोरीची संगत सोड म्हणून?"

"हो, आई," मी म्हणाले.

आठवड्याभरात तवांडाच्या आजीनं तिला साउथ कॅरोलायनात मावशीकडे धाडायचं ठरवलं. निघण्याआधी तवांडा आमच्या पायऱ्यांपाशी आली.

"आईला खरं सांगितलंस का गं?"

"नाही."

"आजीनं मला पट्ट्यानं झोडपलं, तरी मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, तू स्वतःच येऊन सांगशील."

ती गेली.

त्या उन्हाळ्यात आईनं चर्चमधल्या चांगल्या घरच्या मुलींशी माझी ओळख करून दिली. त्यांनी तवांडाबद्दल विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "ती होय? ती चोर होती."