गुडघा की मनगट

साहेबांनी लिफ्टमध्ये विचारलं, आणि तेही दारं मिटल्यावर. बर्फावर स्की करणार की स्नोबोर्ड, ते गुरुवारपर्यंत सांग. मग तिसऱ्या मजल्याचा दिवा लागता लागता छताकडे बघत म्हणाले, "विचार करून सांग हं."

भिंगला तिथेच घाम फुटला. सहलीला जाऊन घसरायचं, त्यात विचार करून सांगण्यासारखं काय असतं? आणि छताकडे का बघितलं? छताला एक पंखा होता आणि तो बंद होता. म्हणजे बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, तरी बघितलं.

भिंग हे त्याचं ऑफिसातलं नाव. विमा कंपनीच्या अपघात विभागात तो क्लेम तपासायचा आणि शर्टाच्या खिशात कायम एक छोटं भिंग ठेवायचा, कागदावरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून बघायला. लोकांनी खरंच हाडं मोडून घेतली आहेत की नाहीत हे पाहायला तो जिने चढून त्यांच्या घरी जायचा. हात मोडलेल्याला गप्पांच्या नादात डोकं खाजवायला लावायचा, पाय मोडलेल्याकडे पाणी मागायचा आणि तो उठतो का बघायचा. त्याच्या वाढदिवसाला सासऱ्यांनी घड्याळ दिलं तेव्हा त्याने आधी पावती मागितली होती. सासरे ती गोष्ट अजून हसत हसत सांगतात. ते हसू खरं आहे का, याची चौकशी चालू आहे.

तर अशा या विभागाने वर्षभरात सगळ्यात जास्त क्लेम नामंजूर केले, म्हणून कंपनीने खूश होऊन त्यांना दोन दिवस बर्फावर आपटायला पाठवायचं ठरवलं होतं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. विभागात कुणालाही दोन्हीपैकी काही येत नव्हतं. साहेबांनाही नाही.

पण भिंगचं सगळं लक्ष खुर्चीत होतं. खिडकीजवळच्या खुर्चीवरचे गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले होते. त्या खुर्चीवरचा माणूस जिने चढत नाही. तो बसतो, आलेल्या क्लेमवर मंजूर-नामंजूर लिहितो आणि सही करतो, बस्स. भिंग आठ वर्षं लोकांचे जिने चढत आला होता. आता त्याचे गुडघे असे वाजायचे की क्लेमवाले आवाज ऐकूनच पलंगावर आडवे व्हायचे. त्याला ती खुर्ची हवी होती. दुपारी सगळे जेवायला गेले की तो तिच्या शेजारी उभा राहून डबा खायचा. बसायचा मात्र नाही. कुणी पाहिलं असतं तर संशय आला असता.

खुर्चीचा निकाल सहलीनंतर लागणार होता आणि शर्यतीत दोघंच होते. भिंग, आणि लोणी. लोणीला लोणी का म्हणत हे साहेबांच्या खोलीबाहेर घटकाभर उभं राहिलं की कुणालाही कळायचं.

हिवाळ्यातले क्लेम भिंगला तोंडपाठ होते, त्यामुळे साहेबांच्या प्रश्नाचा खरा अर्थ त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत लागला. नवशिका माणूस स्की शिकायला गेला की त्याचा गुडघा जातो. दोन पाय दोन पट्ट्यांवर असतात आणि त्या दोन पट्ट्यांचं आपसात पटत नाही. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, त्यामुळे पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट जातं. हात नाही टेकला तर माकडहाड. आता खुर्चीला काय लागतं? सहीसाठी मनगट. फिरतीला काय लागतं? गुडघे. म्हणजे जो बोर्ड निवडेल तो मनगटाची फिकीर न करणारा, त्याला पाठवा जिन्यावर. जो स्की निवडेल तो मनगट राखणारा, त्याला द्या खुर्ची. साहेबांनी सहलीच्या नावाखाली मुलाखत घेतली होती. हे लक्षात आल्यावर साहेबांविषयी त्याचा आदर वाढला आणि विश्वास कमी झाला.

त्याच दुपारी लोणी स्वतः चहा घेऊन आला. हेही आजवर घडलं नव्हतं.

"मी तुझ्या जागी असतो ना, तर डोळे झाकून बोर्ड घेतला असता," लोणी म्हणाला. "पहिले दोन दिवस आपटशील, पण तिसऱ्या दिवसापासून नुसती मजा. स्कीचं उलटं आहे. सुरुवात सोपी, आणि मग जन्मभर शिकत बसा."

सहल दोनच दिवसांची होती. भिंगने ते बोलून दाखवलं नाही. वर लोणीने मनगटाला बांधायच्या पट्ट्या देऊ केल्या, त्याच्या आतेभावाच्या होत्या म्हणे. ज्या माणसाने फ्रिजबाहेर कधी बर्फ पाहिला नाही, त्याच्याकडे मनगटाच्या पट्ट्या तयार कशा? भिंगने चहा घेतला नाही. पट्ट्या मात्र घेतल्या, पुरावा म्हणून.

घरी त्याने बायकोला सगळा प्रकार दोन चमचे आणि एक उलथनं मांडून समजावून सांगितला. चमचे म्हणजे स्की, उलथनं म्हणजे बोर्ड. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती, तिला लोकांचं शांतपणे ऐकून घ्यायची सवय होती. तिने सगळं ऐकलं.

"अरे, पण तुला स्वतःला कुठलं करावंसं वाटतंय?"

हा प्रश्न भिंगला आत्तापर्यंत कुणीही विचारला नव्हता.

"हे तुला कुणी विचारायला सांगितलं?" तो म्हणाला.

बायकोने उलथनं उचललं आणि नेलं. तिला ते लागणार होतं.

गुरुवारी त्याने स्की सांगितलं. साहेब "बरं" म्हणाले. एवढंच. त्या 'बरं'वर भिंगने पुढचा सबंध आठवडा काढला. कधी त्याला त्यात शाबासकी ऐकू यायची, कधी कीव.

बर्फाचा उतार दिसायला सभ्य होता. पायथ्याशी सामान भाड्याने द्यायची एक लाकडी खोली होती. आत ओल्या मोज्यांचा वास, भिंतीला टेकवलेल्या पट्ट्या आणि फळ्या, आणि काउंटरमागे एक बाई, जिने माणसांविषयी मत बनवायचं केव्हाच सोडून दिलं होतं. भिंगने स्कीचे बूट चढवले. पाय दोन बादल्यांत घालून चालावं तसं चालत तो बाहेर आला, आणि समोर लोणी. पायाला स्की.

"तू तर बोर्ड म्हणाला होतास," भिंग म्हणाला.

"ते तुझ्याबद्दल म्हणालो होतो," लोणी गोड हसून म्हणाला आणि हातातल्या काठ्यांवर तोल सावरत निघून गेला.

म्हणजे लोणीलाही मुलाखतीचा सुगावा होता. तेवढ्यात साहेब आले, काखेत बोर्ड. भिंगच्या डोक्यात मांडलेले सगळे चमचे खाली पडले. साहेबांनी स्वतःचं मनगट पणाला लावलं होतं. विभागातलं सगळ्यात किमती मनगट, ज्याच्या सहीशिवाय पेन्सिलही येत नाही, ते. म्हणजे साहेबांच्या लेखी मनगट जपणं हा भित्रेपणा होता. म्हणजे खुर्ची बोर्डवाल्यालाच. म्हणजे लोणीने आधी खरंच सांगितलं होतं, कारण भिंग आपलं ऐकणार नाही हे त्याला ठाऊक होतं. भिंग आत गेला आणि त्याने स्की परत करून बोर्ड घेतला.

बोर्ड शिकवणारी मुलगी शीळ वाजवत आली. तिने त्याला सरळ उभं राहायला सांगितलं, समोर डोंगराकडे बघा म्हणाली, आणि मागून ढकललं. भिंगने धडपडत डावा पाय पुढे टाकला.

"डावा पुढे," ती म्हणाली आणि बोर्डची पकड त्या हिशोबाने फिरवायला लागली.

भिंगने तिला विचारलं की आपल्याला ढकलायला कुणी सांगितलं होतं. ती म्हणाली, सगळ्यांनाच ढकलतात, आपसूक जो पाय पुढे येतो तो पुढे बांधायचा. भिंगने विचारलं, तिकडे त्या स्कीवाल्या माणसाला ढकललं का? नाही, स्कीवाल्यांना ढकलायची गरज नसते. भिंगने मान हलवली. हे त्याने लक्षात ठेवलं.

मग तिने त्याचे पाय फळीला बांधले, हात धरून उभं केलं, आणि जवळजवळ सपाट असलेल्या जागी सोडून दिलं. तो घसरला. ऑफिसातल्या दोन टेबलांमध्ये असतं तेवढंच अंतर असेल. कानाशी थोडा वारा लागला. खालून कागद फाटल्यासारखा बर्फाचा बारीक आवाज आला. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी कशावर सही करत नव्हतं. तो थांबला तेव्हा उभाच होता, आणि त्याला ते फार आवडलं होतं.

इतकं आवडलं म्हणजे यात काहीतरी आहे, असं त्याच्या मनात आलं. त्याने पट्टे सोडले, मुलीचे आभार मानले आणि बोर्ड परत करायला निघाला.

काउंटरवरच्या बाईने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "दादा, एका पायाला स्की आणि एका पायाला बोर्ड देऊ का?"

भिंगने यावर प्रामाणिकपणे विचार केला. तो विचार चालू असतानाच खिडकीबाहेरून एक बर्फगाडी गेली, तिच्यावर आडवा लोणी, दोन्ही हातांनी गुडघा धरलेला. बाकावर बसून भिंग एक बूट चढवतो न चढवतो तोच दुसरी गाडी गेली. तिच्यावर साहेब, उजवं मनगट छातीशी. अगदी फाइलीतल्यासारखं. एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशा अवस्थेत भिंग दोन्ही गाड्यांच्या मागे धावला, आणि तिघांपैकी धडधाकट असा तो एकटाच परत आला.

सोमवारी साहेबांनी त्याला खोलीत बोलावलं. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्यांनी सांगितलं की त्यांचा निर्णय सहलीच्या आधीच झाला होता. खुर्ची भिंगची. त्या खुर्चीत कुणावरही विश्वास न ठेवणारा माणूस लागतो, आणि असा दुसरा त्यांच्या पाहण्यात नाही. स्की-बोर्डचं काय, असं भिंगने चाचरत विचारलं. साहेबांना आधी काही आठवेना. मग म्हणाले, कुठले बूट किती लागतील ते भाड्याने देणाऱ्यांना कळवायचं होतं. आणि विचार करून सांग हे ते सगळ्यांनाच म्हणतात, त्यांच्या मुलीलाही.

मग त्यांनी ऑर्डर पुढे ओढली, डाव्या हातात पेन धरलं, जीभ बाहेर काढून सही केली आणि कागद भिंगला दिला. आठ वर्षं जिने चढून मिळालेली खुर्ची होती ती. भिंगने कागद घेतला, आभार मानायला तोंड उघडलं, आणि डोळे आपसूक सहीवर गेले. हात खिशात गेला. तोही आपसूकच. त्याने कागद खिडकीपाशी नेला.

"साहेब, ही सही जुळत नाही," तो म्हणाला.

"अरे, तुझ्या डोळ्यांदेखत केली."

"हो ना. म्हणून जास्त वाईट वाटतंय."

साहेबांनी छताकडे बघितलं. तिथेही काही नव्हतं.

"माझी निवड बरोबर होती," ते म्हणाले. "आता प्लास्टर निघाल्यावर बघू."

तर खुर्ची रिकामी राहिली आणि भिंग फिरतीवर निघाला. पहिलाच क्लेम लोणीचा. लोणीचं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. भिंगचे गुडघे वाजत वर पोचले. लोणीच्या आईने दार उघडलं. लोणी पलंगावर, पाय उशीवर. भिंगने बसता बसता पाणी मागितलं. लोणीने जागचं न हलता आईकडे बोट दाखवलं. तोही त्याच विभागातला होता.

"आता खरं सांग," लोणी म्हणाला. "खुर्ची तुला मिळाली ना?"

"मिळत होती. मी परत केली. सही जुळली नाही."

लोणी उशी हलेपर्यंत हसला. लाव, लाव शेंड्या, आजारी माणसाला लाव, म्हणाला. भिंगने पुन्हा सांगितलं, या वेळी साहेबांच्या जिभेसकट. लोणीने डोळे बारीक करून विचारलं की हे असं सांगायला त्याला कुणी पाठवलं. खरं सांगूनही खोटं ठरणं कसं लागतं, हे भिंगला आजवर ठाऊक नव्हतं. आठ वर्षांतले पलंगांवर आडवे झालेले चेहरे एकदम आठवले, त्यातले दोन-तीन तर अगदीच खरे वाटले. लोणीच्या आईने आणलेलं पाणी त्याने एका दमात पिऊन टाकलं.

मग त्याने जबाबाचा कागद पुढे केला. लोणीने सही केली. भिंगने नमुन्याची सही शेजारी ठेवली. जुळली. वळण, टिंब, शेवटची शेपटी, सगळं तंतोतंत. इतकी तंतोतंत जुळणारी सही त्याने आजवर पाहिली नव्हती.

त्याने खिशातून भिंग काढलं.