दोन डाव्या बाह्या

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे यावं. मनात जागा असली की सतरंजीवर होतेच. आज एका शिंप्याची गोष्ट सांगतो. गोष्ट कापडाची आहे, पण तिचा दोरा आपल्या सगळ्यांच्या घरांतून ओवलेला आहे, म्हणून कान इकडे असू द्या.

एका वाहत्या रस्त्यावर शिवणकामाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. गिऱ्हाइकं ज्यांना मास्तर म्हणत आणि घरचे अण्णा, ते या दुकानाचे मूळपुरुष. वय ऐंशीकडे झुकलेलं, पण माणूस उंबऱ्यातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप यांच्या डोळ्यांत उतरलेलं असे. मशीन आता मुलगा चालवायचा, गिऱ्हाइकांचं सूनबाई बघायची. कात्री मात्र अण्णांचीच. कापडाला ती लावण्याआधी ते क्षणभर डोळे मिटत. एकदा कापलं की ते जोडायला देवालाही सुई लागते, असं म्हणत.

आणि एका सकाळी सूनबाईने कोटाचे कापलेले तुकडे जुळवायला घेतले, तर दोन्ही बाह्या डाव्या!

तिने त्या उलटून पाहिल्या, उजेडात धरून पाहिल्या. डाव्याच. आयुष्यात ज्यांनी वीतभर कापड वाया घालवलं नाही, त्यांच्या हातून हे? तिने नवऱ्याला दाखवलं. तो मशीनवरून मान वर न करता हसला. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आपल्या अण्णांची तर वीस वर्षं उशिरा चाललीय, म्हणजे फायद्यातच आहोत आपण, असं म्हणाला. सूनबाईलाही हसू आलं. आदल्या रात्रीसुद्धा ती हसली होती. अण्णा अंथरुणावर बसून दोन बोटांनी हवेतून काहीतरी ओढत होते, जणू दोरा निघतोय आणि संपतच नाही. मास्तर झोपेतही सुई ओवतात, एवढंच ती म्हणाली आणि दिवा मालवला. दोन दिवस त्यांना सर्दी होती. मुलाने स्वतःला लागू पडलेली गोळी आणून दिली होती, तिचीच गुंगी असेल असंही तिला वाटलं. वाटलं, आणि कामाच्या धबडग्यात विरूनही गेलं.

त्या दिवशी गिऱ्हाइकांची रीघ होती. मध्येच सूनबाईचं लक्ष अण्णांच्या खुर्चीकडे गेलं. खुर्ची रिकामी. खिळ्यावरची मापाची पट्टीही नव्हती. कोपऱ्यावर गेले असतील, येतील, नवरा म्हणाला. जेवणाची वेळ टळली, ताट झाकून ठेवलं, तरी पत्ता नाही. मग तिला दारात त्यांच्या चपला दिसल्या. जोडीने, नीट, भिंतीला लावून ठेवलेल्या. म्हणजे माणूस भर उन्हात अनवाणी गेला होता.

दुकानाचं दार ओढून दोघं धावत सुटली. दवाखान्याच्या गल्लीत, बागेत, बसच्या थांब्यावर, कुठे म्हणून बघायचं ठेवलं नाही. पोलीस चौकीत जायला नवरा कचरत होता. बाप सांभाळता येत नाही म्हणून लोक तोंडात शेण घालतील, हे त्याचं म्हणणं. सूनबाईने ऐकलं नाही. चौकीतल्या अधिकाऱ्याने मात्र नावं ठेवली नाहीत. म्हातारं माणूस हरवलं तर वाट बघत बसायचं नसतं, लगेच आलात हे बरं केलंत, असं म्हणून त्याने फोटो घेतला, कोणती औषधं चालू आहेत ते विचारलं, आणि शेवटी एक प्रश्न विचारला: हे असं वागणं आधीपासूनचं, की आत्ताचं? नवरा म्हणाला, वयच झालंय हो. सूनबाईच्या मनात मात्र तो प्रश्न टाचणीसारखा टोचून राहिला.

ऊन कलल्यावर नवऱ्याच्या खिशातला फोन वाजला. तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानातला पहारेकरी बोलत होता. एक आजोबा आत शिरलेत, काचेतल्या पुतळ्याचं माप घेतायत, आणि जरा ताठ उभं राहा, श्वास सोडा म्हणून त्याच्यावर रागावतायत. आधी पहारेकऱ्याला वाटलं, प्यायलेले आहेत. दंड धरून बाहेर काढायलाच निघाला होता. पण अंग तापलेल्या तव्यासारखं लागलं, म्हणून बसवून मानेवरचा घाम पुसायला गेला, तर कॉलरच्या आत दुकानाच्या नावाची कापडी पट्टी शिवलेली, तिच्यावर फोनचा आकडा. अण्णा स्वतःच्या सदऱ्यालाही दुकानाची पट्टी लावत. यावरून घरात त्यांची किती थट्टा झाली होती! त्या बोटभर पट्टीने त्यांना घर परत दिलं.

दोघं पोचली तेव्हा अण्णा स्टुलावर बसले होते. ओठ कोरडे, गळ्यात मापाची पट्टी तशीच. सुनेकडे त्यांनी परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि हलक्या आवाजात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागले, "आत्ता नको. आत बाईमाणूस आहे. थांबतो मी."

मुलाचा चेहरा उतरला. घरी नेऊ, झोपले की निवळतील, आणि उद्यापासून बाहेरून कडी लावू, त्याने ठरवून टाकलं. सूनबाईने त्याचा हात धरला.

"मागच्या आठवड्यात त्या वकिलांचा कोट कुणी कापला?"

"अण्णांनी."

"कसा बसला?"

कोट असा बसला होता, की वकीलसाहेब आरशासमोरून हलेनात.

"मग म्हातारपण काय काल रात्री आलं? कडी नंतर लावा. आधी दवाखाना."

मोठ्या दवाखान्यात तातडीच्या खोलीत एक डॉक्टरीणबाई होत्या. केस पिकलेले, बोलणं सरळ. बोटाला टोचून त्यांनी आधी साखर पाहिली, मग ताप, छाती आणि हृदयाचा आलेख. तोंड वाकडं झालंय का, दोन्ही हात सारखे उचलतात का, कुठे पडून डोक्याला मार लागलाय का, हेही पाहिलं. मुलगा मध्येच म्हणाला, "डॉक्टर, वयामुळे भ्रमिष्ट झालेत."

बाईंनी नळी कानातून काढली आणि अण्णांच्या गळ्यातल्या मापाच्या पट्टीकडे पाहिलं.

"तुमचं मशीन काल नीट चालत होतं आणि आज टाके सोडायला लागलं, तर जुनं झालं म्हणून भंगारात देता?"

"नाही. उघडून बघतो."

"काय काय बघता?"

"दोरा अडकलाय का, तेल आटलंय का, सुई वाकलीय का..."

"मग बाप मशीनपेक्षा स्वस्त का हो? वयामुळे येणारी विस्मृती बहुधा हळूहळू येते. दोन दिवसांत जो माणूस बदलतो, तो म्हातारा झालेला नसतो, आजारी पडलेला असतो. साखर उतरते, रक्तातलं मीठ कमी होतं, छातीत नाहीतर लघवीत जंतू शिरतात, मेंदूचा रक्तपुरवठा अडतो. कधी तर साधं नवं औषधही बाधतं. अशा वेळी म्हातारं माणूस पोट दुखतंय म्हणत नाही, भलतंसलतं बोलतं. तीच त्याची हाक असते!"

मग त्यांनी सूनबाईला विचारलं, पाणी किती पितात, लघवीला किती वेळा जातात. सूनबाई उत्तर द्यायला गेली आणि तिला बाटली आठवली. अण्णांच्या खुर्चीखालची पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच असे. ती रोज ओतून पुन्हा भरून ठेवी. आणि का, ते तिला आत्ता लख्ख दिसलं. दुकानातून मोरीकडे जाणारी वाट एकच. त्या वाटेवर तिने उन्हाळ्याच्या सुरुवातीला पडदा लावून बायकांसाठी कपडे घालून बघायची जागा केली होती. अण्णा उठले की ती म्हणायची, "अण्णा, आत्ता नको, आत बाईमाणूस आहे." चांगल्याच मनाने म्हणायची. अण्णा हसून खाली बसत. मग त्यांनी उठणंच सोडलं, आणि उठायला लागू नये म्हणून पाणी पिणंही!

तिने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दोष दिला नाही. मान हलवली आणि सर्दीच्या गोळीचं नाव विचारलं. ते ऐकून म्हणाल्या, या गोळीनेही वृद्धांना भ्रम होतो, लघवी तुंबते. तपासणीत तसंच निघालं. मूत्राशय गच्च भरलेलं, लघवीत जंतू, शरीर सुकलेलं. आणखी एक रात्र कडीआड काढली असती, तर रक्तात विष भिनायला वेळ लागला नसता.

एका रात्रीत जादू झाली नाही. पहिल्या संध्याकाळी अण्णा उलट जास्तच बिथरले. सूनबाई उशाशी बसून राहिली. चष्मा लावून द्यायची, आपण कुठे आहोत ते सांगायची, घोटघोट पाणी पाजायची. ते हवेतून दोरा ओढू लागले, तेव्हा यावेळी ती हसली नाही. तिने आपलं बोट पुढे केलं आणि त्यांनी ते धरून ठेवलं. असे दिवस उजाडत-मावळत गेले. मग एका सकाळी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या, तर अण्णा त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

"बाई, तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय. कुणी शिवला?"

"मिळाला तसा घातला, मास्तर."

"तरीच. सूनबाई, पट्टी आण."

सूनबाई तोंडाला पदर लावून खोलीबाहेर गेली. रडायला का हसायला, ते तिचं तिला ठाऊक.

घरी आल्यावर मुलाने कुणी न सांगता सगळ्यात आधी तो पडदा काढला आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात लावला. दुकानातली दोन कपाटं हलवावी लागली, पण मोरीची वाट मोकळी झाली. त्या दोन डाव्या बाह्या सूनबाईने टाकल्या नाहीत. मशीनच्या वर भिंतीला टाचल्या. नवं गिऱ्हाईक हसून विचारतं, हे काय? मग ती ही सगळी हकिगत सांगते, आणि अण्णा मध्येच म्हणतात, "कापड माझ्या पगारातून कापा," आणि बाटलीतलं पाणी पितात.

मायबापहो, सगळ्यांचंच असं निवळतं असं मी म्हणणार नाही. कधी उशीर होतो, कधी दुखणंच मोठं असतं. पण शोधलं तरच सापडतं. हरवलेलं माणूसही, आणि माणसातलं दुखणंही. घरातलं जाणतं माणूस एकाएकी भलतं वागू लागलं, तर वयावर ढकलू नका, हसू नका, कडी लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. देवाने दिलेलं हे वस्त्र जुनं असेल, पण ते विरलंय की नुसतं उसवलंय, हे बघितल्यावाचून टाकून देण्याचा हक्क आपल्याला नाही.

आता उठा, घरोघर जा. जाताना एवढं करा: आपल्या घरात कुणी कुणाची अडचण होऊ नये म्हणून गुपचूप तहान मारून बसलं असेल, त्याची आठवण काढा. आणि त्याच्या हाती पेला द्या.