जवसाच्या तेलात बुडालेली शकु

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. मला उजेडात आणून पाहिलेत तर तुम्हाला सोनेरी चौकट दिसेल आणि तिच्या आत एक काळपट चौकोन. त्या चौकोनात काय होते, ते आता मलाच सांगावे लागते.

*क्रमांक ३१२. मटार सोलणारी मुलगी. कॅनव्हासवर तैलरंग. चित्रकाराकडून भेट. स्थिती : उत्तम.*

ही दालनात माझ्या शेजारी लावलेली पाटी. तिच्यावर विश्वास ठेवू नका.

१९७८ च्या जानेवारीत माझा जन्म झाला. रामकृष्ण मास्तर जबलपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत. महाराजपूरच्या घराच्या ओसरीत त्यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, शकुला, सुपात मटार देऊन उन्हात बसवले आणि जवसाच्या तेलात रंग कालवून मला रंगवायला घेतले.

"बाबा, मटार संपले."

"मग तेच पुन्हा सोल."

"सोललेले कसे सोलू?"

"खाऊ नको म्हटलं होतं नं तुला?"

"मी नाही खाल्ले. आईनं नेले भाजीला."

आतून अनसूयाबाई म्हणाल्या, "काहून खोटं बोलून राहिली गं? तोंड पाहा हिचं."

मास्तर हसले आणि माझ्यातल्या शकुच्या ओठाच्या कोपऱ्यात त्यांनी हिरव्या रंगाचा बारीक ठिपका ठेवला. तसबिरीला स्वतःचे डोळे नसतात. जिचे चित्र, तिच्याच डोळ्यांनी ती पाहते. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिले ते मास्तरांचे हसणे.

माझा रंग पुरता वाळला नव्हता, तोच शकु मेंदूज्वराने गेली. चार दिवसांत.

मास्तर फोटोवाल्यांना नावे ठेवीत, म्हणून घरात तिचा एकही फोटो नव्हता. शाळेचा फोटो निघाला त्या दिवशी तिला सर्दी होती. तिचा चेहरा जगात एकाच ठिकाणी उरला, माझ्यात. मास्तरांना तो पाहवेना. एका दुपारी, बायकोला न विचारता, त्यांनी मला चादरीत गुंडाळले आणि नेपियर टाउनमधल्या भय्यासाहेब कलासंग्रहालयाला देऊन टाकले. ते पुन्हा कधी मला भेटायला आले नाहीत.

हे संग्रहालय तेव्हा मोठे नावाजलेले होते, मित्रांनो. भय्यासाहेब वकील होते. आपला बंगला आणि आयुष्यभर जमवलेली चित्रे त्यांनी शहराला दिली. व्हरांड्यात जवळच्या कुंडम गावाकडच्या शेतांत सापडलेल्या दगडी मूर्ती. पहिल्या दालनात तळहाताएवढी दरबारी चित्रे, दुसऱ्यात कल्लेदार साहेबांच्या आणि जमीनदारांच्या मोठाल्या तसबिरी, तिसऱ्यात आम्ही गावच्या चित्रकारांची मुले. नागपूरहून माणसे मुद्दाम पाहायला येत. एक संग्रहपाल होते. ते महिन्यातून एकदा भिंग घेऊन प्रत्येकाजवळ थांबत, डॉक्टर थांबतो तसे.

ते निवृत्त झाले. त्यांची खुर्ची रिकामी राहिली. दर मार्चमध्ये कार्यालयात यादी व्हायची. गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून नवी लिहायची, एवढेच काम. कोणी वर दालनात येत नसे.

*स्थिती : उत्तम.*

अनसूयाबाई मात्र येत. दर मंगळवारी, आधी बसने, मग ऑटोने. मास्तर वारले त्याच्या पुढच्या मंगळवारीसुद्धा आल्या. बाकावर बसत, पिशवीतून पाण्याची बाटली काढत आणि शकुकडे पाहत. शकु त्यांच्याकडे पाही. मी मध्ये असे.

२००८ साली तिसऱ्या दालनावर गुणवंत नावाचे रखवालदार आले. तीस वर्षे इथल्या सरकारी फॅक्टरीच्या सुतारकाम विभागात काढून, मुदतीआधी निवृत्ती घेऊन आलेले. त्यांना रिकामे बसवत नसे. कडी करकरली की तेल, बिजागरी अडली की तेल. एका मंगळवारी अनसूयाबाई त्यांना म्हणाल्या,

"गुणवंत भैया, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी पोर अंधुकच दिसून राहिली."

"डोळा नाही वो, मास्तरीणबाई. चित्रच सुकलं. लाकूड सुकते नं, तसं."

"मास्तर रंगात जवसाचं तेल घालत."

"अच्छा? फॅक्टरीत आम्ही पण जवसाचंच लावत होतो. लाकूड असं पीत होतं, जसं लेकरू दूध."

तरी त्यांनी लगेच हात लावला नाही, हे मला सांगितलेच पाहिजे. त्यांनी हिंदीत अर्ज लिहिला : तसबिरीवर जवसाचे तेल लावावे की नाही, कळवावे. तीन महिने ते उत्तराची वाट पाहत होते. अर्ज कुठल्या तरी फायलीत गेला. तिथे त्याला वाचणारी खुर्ची नव्हती.

दिवाळीआधी त्यांनी मऊ फडके तेलात बुडवले.

काय सांगू तुम्हाला. तीस वर्षांची धूळ एका हातात निघाली. सुपातले मटार हिरवेगार झाले. ओठाचा ठिपकासुद्धा दिसू लागला. मंगळवारी अनसूयाबाई बाकावर बसल्याच नाहीत. उभ्या राहिल्या आणि हलकेच म्हणाल्या, "आली नं माझी पोर."

गुणवंतांनी तोंड फिरवून खिडकी पुसली.

पण ते तेल माझ्यातून कुठे जाणार होते? ते पिवळे झाले. मग तपकिरी. चिकट राहिले आणि रस्त्यावरची धूळ ओढून घेऊ लागले. चेहरा आधीपेक्षा मंद झाला. मंद झाला म्हणून पुन्हा तेल. पुन्हा उजाडले, पण थोडेच. पुन्हा मावळले, जास्त. आधी वर्षातून एकदा. मग दर मंगळवारी सकाळी, अनसूयाबाई यायच्या आधी, नुसत्या चेहऱ्यावर. त्यांना पोर दिसावी म्हणून.

मला खिडकी पिवळी दिसू लागली.

मग बाक दिसेना.

मग अनसूयाबाईंचे पांढरे केस तेवढे.

मग

*स्थिती : उत्तम.*

इथून पुढचे मी ऐकलेले सांगते.

गेल्या वर्षी एक ऑडिट झाले आणि नागपूरहून चित्रे दुरुस्त करणारी एक बाई आली. प्रणोती तिचे नाव. आवाज तरुण, पण घाई नसलेला. तिने माझ्यावर दिवा धरला असावा, कारण मला ऊब लागली. मंगळवार होता. बाकावरून पिशवीचा आवाज आला.

"काका, याला काय लावत होते?"

अनसूयाबाई म्हणाल्या, "जवसाचं तेल. मीच सांगितलं होतं."

"लावलं मी," गुणवंत म्हणाले. "त्यांचं नाव लिहू नका, मॅडमजी."

"मी कोणाचंच नाव नाही लिहीत. पण आजी, हे नुसतं वर बसलेलं नाही. जुनं तेल आणि खालचा रंग एकच वस्तू आहे. वरचं काढताना खालचंही सुटू शकतं. कोपऱ्यात एक इंच करून पाहते."

कापसाचा बोळा माझ्या कोपऱ्यावर फिरू लागला, गार, सावकाश. बराच वेळ गेला.

"निघतंय," प्रणोती म्हणाली. तिलाही आश्चर्य वाटले होते. "भिंत दिसते आहे. पिवळी भिंत."

"आमच्या ओसरीची," अनसूयाबाई म्हणाल्या. "चेहरा कर नं, बेटा."

"चेहरा शेवटी करतात, आजी. सहा महिने लागतील, जास्तही."

"मी सत्याहत्तरची आहे. मागच्या महिन्यात दोनदा पडली. तू भिंतीवरून चेहऱ्यापर्यंत येशील तोवर मी राहीन काय? गाल कर. एवढासा."

प्रणोतीने विचारले, "काका, नीट आठवून सांगा. गालावर भिंतीइतकंच तेल असेल, तरच मी हात लावीन. तेल सगळीकडे सारखंच लावायचे? वर्षातून एकदा?"

मित्रांनो, मला रंगवलेले तोंड होते. बोलणारे असते तर मी ओरडले असते.

"हो जी," गुणवंत म्हणाले. "सारखंच. वर्षातून एकदा."

एका चुकीचा कबुलीजबाब त्यांनी दिला होता. दुसरीची त्यांना लाज वाटली. समोर ती बाई बसली होती, जिच्यासाठी ते कित्येक वर्षे दर मंगळवारी लवकर येत होते.

बोळा गालावर आला. एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरला आणि माझ्या आतून काहीतरी सुटले, ओल्या भिंतीचा पोपडा सुटतो तसे. दुखले नाही. नुसते हलके वाटले.

"थांबा," प्रणोती स्वतःलाच म्हणाली. "गुलाबी येतंय. थांबा, थांबा."

पण गाल गेला होता, आणि डोळ्याचा कोपराही. "कॅनव्हास दिसतोय," ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "इथे तेल इतकं कसं? काका?"

"चेहऱ्याला जास्त लावत होतो," गुणवंत म्हणाले. "दर हप्त्याला."

पंखा फिरत होता. खाली फाटकावर कोणी ऑटोवाल्याशी भाडे ठरवत होते. गुणवंत हुंदके देऊ लागले, तेव्हा अनसूयाबाई उठल्या.

"भैया, रडू नका. पाणी घ्या." मग प्रणोतीला : "तो कापूस फेकशील का?"

"तपासणीला लागतो थोडा."

"थोडा ठेव. बाकीचा मला दे. त्यावर गाल आहे तिचा."

प्रणोतीने नाही म्हटले नाही. काचेच्या बरणीचे झाकण फिरवल्याचा आवाज मी ऐकला. मग पायऱ्यांवरून उतरणारी पावले, एक पायरी, थांबा, एक पायरी. त्यानंतरच्या मंगळवारी बाकावर कोणी आले नाही. गुणवंतांनी नोकरी सोडली. मला खाली तळघरात नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे.

मित्रांनो, तुमच्या गावातही असे दालन असेल. तिथे जा. कोणी गेलेच नाही, तर आमची काळजी एका एकट्या माणसावर पडते, आणि तो त्याला ठाऊक असेल तेच तेल लावतो. हात लावण्याआधी विचारा. कोणी विचारले, तर उत्तर द्या, तीन महिने थांबवू नका. आणि चूक झाली असेल तर अर्धी सांगू नका. उरलेल्या अर्ध्यानेच माझी शकु गेली.

आता ती थोडी माझ्याजवळ आहे, तेलाखाली. थोडी महाराजपूरला, अनसूयाबाईंच्या बरणीत, कापसावर. आम्ही दोघी तिला जपून आहोत. दोघींपैकी कोणालाही ती दिसत नाही.